इंगरकडची दुपार

"स्नार्ट," बाबा टेबलाशी बसून म्हणाले. "स्नार्ट. मधला र जवळजवळ गिळायचा."

रुचाने तव्यावरची पोळी उलटली आणि नवऱ्याकडे पाहिलं. संजय लॅपटॉपमध्ये डोकं घालून हसू दाबत होता.

"हे काय नवीन?" तिने विचारलं.

"डॅनिश. शेजारच्या इंगरबाई शिकवतात. स्नार्ट म्हणजे लवकरच. याय कॉमर स्नार्ट, मी लवकरच येतो. स्नार्ट आधी घेतलं, तर क्रियापद लगेच त्याच्यामागे. स्नार्ट कॉमर याय." बाबांनी बोटाने टेबलावर शब्दांच्या जागा दाखवल्या.

"लवकरच म्हणजे किती वेळात?" संजयने विचारलं.

"ते तो शब्द सांगत नाही. लगेच नाही, एवढं खरं. पण येणार."

"कोण येणार?" रुचा म्हणाली.

बाबांनी आमटीचा भुरका मारला. "वाक्य आहे गं. वाक्यात कोणीही येतं."

आई जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे नकोत म्हणून रुचाने त्यांना अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आणलं होतं. सुरुवातीला ते नुसते खिडकीत बसत. जेवण बेताचं, बोलणं त्याहून कमी. परतीचं तिकीट कधीचं आहे, एवढंच विचारत.

मग एका दुपारी ते इंगरकडे गेले आणि सगळं बदललं.

इंगर सत्तरीची, एकटी राहणारी. दोन वर्षांपूर्वी आईबाबा आले होते तेव्हा आईने मागच्या अंगणात कोथिंबीर लावली होती आणि कुंपणावरून इंगरला जुड्या दिल्या होत्या. बाबा तेव्हा तिकडे फिरकलेही नव्हते. आता जेवण झालं की ते दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत आणि "येतो गं" म्हणून निघत. रुचा शिकागोच्या ऑफिसातून परत येईपर्यंत त्यांचा पत्ता नसे.

ऑक्टोबरात त्यांनी संजयला हळूच विचारलं, "माझा व्हिसा एक्स्टेंड होईल का?"

"तुम्हाला तर पुण्याला जायची घाई होती, बाबा," रुचा म्हणाली.

"आता नाही."

त्याच आठवड्यात त्यांनी हॉलमधल्या आईच्या फोटोचा हार काढायला लावला. बरं दिसत नाही, म्हणाले. रुचाने हार काढला, पण रात्रभर तिला झोप लागली नाही.

"यार, म्हाताऱ्या माणसाला कंपनी मिळाली तर बिघडलं काय?" संजय म्हणाला. "झालंच तर आपल्याला फुकट डॅनिश पेस्ट्री."

"तुला गंमत वाटतेय. वर्ष नाही झालं, संजय. आईच्या जागी कोणी बसलेलं मला नाही बघवणार."

"मग सरळ विचार ना त्यांना."

तिने विचारलं. रविवारी सकाळी, चहा ओतताना.

"इंगरकडे रोज काय करता तुम्ही?"

"बसतो."

"आणि?"

"ऐकतो."

"काय ऐकता?"

बाबांनी बशीतला चहा फुंकला. "डॅनिश."

"मग एक दिवस मीही येते."

"तू नको येऊस," बाबा पटकन म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, "तुला त्रास होईल."

रुचाला आता विचारायला काही उरलं नव्हतं. शुक्रवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली, दुपारच्या ट्रेनने परत आली आणि स्टेशनवरून ड्राइव्ह करत थेट घरापाशी आली. गाडी लावून ती घरात न जाता इंगरच्या दाराकडे वळली. काय बोलायचं ते तिने ट्रेनमध्येच ठरवलं होतं. आधी बाबांना, मग त्या बाईला.

इंगरचं दार लोटलेलं होतं. रुचाने बेलवर बोट ठेवलं आणि तशीच थांबली.

आत एक बाई बोलत होती. दाराआडून आवाज दबका येत होता, शब्द कळत नव्हते. बोलणं लाडीक होतं, हसरं. मधेच बाबांचा आवाज आला. आई गेल्यापासून त्यांचा असा मऊ आवाज रुचाने ऐकला नव्हता. मग पुन्हा ती बाई. या खेपेला एक शब्द कळला. स्नार्ट.

रुचाचे कान तापले. ती दार ढकलणार एवढ्यात मागे पाचोळा वाजला.

हातात दाताळं घेऊन इंगर अंगणात उभी होती. गुडघ्यांना माती लागलेली, गाल थंडीने लाल.

रुचाने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"हू इज इन देअर विथ हिम?"

इंगरने दाताळं भिंतीला टेकवलं, पायऱ्या चढून वर आली आणि आवाज न करता दार उघडून बाजूला झाली.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बाबा फोनच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून पाठमोरे बसले होते. त्यांचं बोट आन्सरिंग मशीनच्या बटणावर होतं. त्यांनी ते दाबलं. खरखर झाली, बीप वाजला.

"हॅलो इंगर. याय कॉमर स्नार्ट." मग खुदकन हसणं, आणि फोन ठेवायच्या आधी बाजूला वळून विचारावं तसं, "बरोबर म्हटलं का हो मी?"

आवाज आईचा होता.

"बरोबर," बाबा म्हणाले. "पुन्हा म्हण."