उणे दोनशे

"अहो, सूर पुन्हा उशिरा आला!" ही शरयूताईंची नवऱ्यामागे वर्षभराची भुणभुण होती. नेने कीबोर्डवर बोट टेकवत, मग कॉम्प्युटर विचारात पडे आणि पेटीचा सूर मागाहून येई. म्हणून त्या सकाळी नेन्यांनी मनगटात नवं कडं घातलं. ते बोट टेकण्याची वाटच बघत नसे. बोटाकडे निघालेला इशारा मनगटातच ओळखून ते सूर लगेच वाजवी. पडद्यावर उशिराचा आकडा होता, उणे दोनशे मिलिसेकंद, म्हणजे सूर बोटाच्याही आधी.

शरयूताईंनी बिलावल सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीला त्या थांबल्या.

"मी धैवत घ्यायच्या आधी तुमचा कसा आला?"

"कडं नवीन आहे," नेने पुटपुटले.

मग शरयूताईंनी मुद्दाम नेहमीची वाट सोडली आणि थेट खालच्या पंचमावर उडी मारली. पंचम तिथे आधीच येऊन बसला होता.

"चाळीस वर्षं तुम्ही माझं ऐकून साथ करताय, असं समजत होते मी!"

"पहिली चार-पाच वर्षं ऐकत होतो," नेने मान खाली घालून म्हणाले. "नंतर नुसता थांबत होतो. साथीदारानं गाणाऱ्याच्या पुढे जायचं नसतं."

शरयूताईंनी स्वतःच नेन्यांच्या मनगटातलं कडं काढलं, आकडा पूर्वीच्या उशिरावर नेला आणि पुन्हा गायला बसल्या. धैवतावर आल्यावर मात्र त्या पुढे गेल्या नाहीत. नेन्यांचा सूर येईपर्यंत तिथेच थांबल्या.