सरुआक्काची अकरा अंडी

“ही अकरा मेली,” अतुल म्हणाला. अंधाऱ्या खोलीत त्याच्या नव्या बॅटरीचा झोत अंड्याखाली पेटला होता. “आत काडीची हालचाल नाही.”

सरुबाईनं त्यातलं एक उचललं. समोरच्या पेटीला भोक होतं, आतल्या बल्बचा उजेड त्यातनं वर यायचा. त्या भोकावर तिनं अंडं क्षणभर टेकवलं, मग नेहमीसारखं गालाला लावलं आणि परत ठेवलं. बाकीची दहाही तशीच केली.

“झोपल्यात,” ती म्हणाली. “तुमी झोपल्यावर कुणी तिरडी बांधाय घेत न्हाय न्हवं, साहेब?”

शेजारी बसलेल्या झुंबरबाईला हसू आवरलं नाही.

साल सत्त्याण्णव. पेठ वडगावच्या बाहेर बाळासोंची हॅचरी. सरुबाई तिथं अठरा वर्षं अंडी तपासत होती. कुठल्यात जीव आहे, कुठलं वांझ, कुठलं आतल्या आत मेलंय, हे ती सांगायची आणि पिल्लं तशीच निघायची. दोन वर्षांपूर्वी तिनं मालकाकडं हट्ट धरला होता. गुडघा धरलाय, उठबस होत नाही, हाताखाली कुणीतरी द्या. तेव्हापासून झुंबरबाई ट्रे पुढं सरकवायची आणि ‘काढ’ म्हटलेल्या अंड्यावर पेन्सिलीनं फुली मारायची. जाता-येता सरुबाई तिच्या खांद्यावर हात टाकून चालायची. गुंडू ड्रायव्हर दोघींना नवरानवरी म्हणायचा.

अतुल मालकाचा पुतण्या. पुण्याहून सहा आठवड्यांचं ट्रेनिंग करून आला होता आणि त्याला सरुबाईचं सगळंच खुपत होतं. ट्रे उबवणीच्या मशीनमधनं काढला की ही बाई आधी मिसरी लावत बसायची. अंडी गार होतात म्हणून तो ओरडायचा, ती दात घासत राहायची. मग अंडं उजेडावर धरलं न धरलं करायची. झुंबरबाईला मात्र तिच्या या झपाट्याचं कौतुक वाटायचं. नजर तयार असली की बघायला वेळ लागत नाही, असं ती घरी सांगायची.

एक बॅटरी असताना दोन बायका कशाला, असं अतुलनं काकाला पटवलं होतं. बाळासोंनी तोड काढली. ही अकरा अंडी मशीनमध्येच वेगळ्या खोक्यात ठेवायची. मेली निघाली तर दोघी सोमवारपासून घरी. पिल्लं निघाली तर सरुबाईचं नाव कायमच्या हजेरीवर. अठरा वर्षं ती रोजंदारीवरच होती.

“आन् झुंबरीचंबी,” सरुबाई म्हणाली.

बाळासो हो म्हणाले.

एकविसाव्या दिवशी सकाळी सगळे खोक्याभोवती जमले. झुंबरबाई सारखी वाकून बघत होती. घरात ती एकटीच मिळवती. नऊ वाजेपर्यंत सहा अंडी फुटली. साडेदहापर्यंत दहा झाली. अकरावं नुसतं पडून होतं.

“एक तरी माझं,” अतुल म्हणाला.

सरुबाईनं हात पुढं केला. झुंबरबाईनं अंडं तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं ते कानाला लावलं.

“दार वाजवतंय. जरा दम धरा.”

अर्ध्या तासानं कवचातनं चोचीचं टोक बाहेर आलं. मग चीर गेली. मग ओलं, वाकडं, रागावलेलं पिल्लू बाहेर पडलं. गुंडूनं शिट्टी मारली. पोती उचलणारी माणसं टाळ्या पिटायला लागली. अतुलनं बॅटरी खिशात घातली आणि नखं बघत उभा राहिला. बाळासोंनी तिथंच हजेरीवही मागवली. झुंबरबाईनं सरुबाईचा अंगठा धरून जागेवर टेकवला, खाली स्वतःचा उठवला.

तेवढ्यात गुंडू चहा घेऊन आला.

त्या हॅचरीत चहाची एक रीत होती. सगळ्यांचे कप तबकात, सरुबाईचा खिडकीत. कान तुटलेला, ठरल्या जागी. ती न बघता तो उचलायची, वरनं चहा ओतून घ्यायची, विसळून परत तिथंच ठेवायची. सरुबाई बौद्धवाड्यातली. तिनं गालाला लावलेल्या अंड्यांची पिल्लं अख्ख्या तालुक्याला चालायची. कपाला लागलेले तिचे ओठ चालत नव्हते. अठरा वर्षांत मशीनं बदलली, कोंबड्यांच्या जाती बदलल्या, तो कप बदलला नाही. झुंबरबाईचा कप तबकात असायचा. तीही कधी बोलली नव्हती.

आज बाळासोंनी तबकातली स्वतःची कपबशी उचलली आणि सगळ्यांदेखत सरुबाईपुढं धरली. ‘घे’ म्हणायला त्यांची जीभ वळेना. नुसता हात पुढं.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

सरुबाई उभी होती. तिनं हात पुढं केला नाही. मान वर, चेहरा शांत. मग ती वळली, सरळ खिडकीपाशी गेली, कान तुटलेला कप उचलला आणि म्हणाली, “वत की रं गुंडू, गार हुईल.”

बाळासोंचा हात तसाच राहिला. झुंबरबाईच्या अंगावर काटा आला. अठरा वर्षांचं उत्तर या बाईनं मालकाशी एक शब्द न बोलता देऊन टाकलं होतं.

घरी जाताना सरुबाईचा हात नेहमीसारखा तिच्या खांद्यावर होता. झुंबरबाईला राहवेना.

“आक्का, आज तू सगळ्यांची जिरवलीस.”

“मी कुठली? पोरांनी जिरवली. अकराच्या अकरा.”

“अंड्यांचं न्हाय म्हणत मी. मालकानं सोताचा कप तुझ्याम्होरं धरला आन् तू ढुंकूनबी बघितलं न्हाईस. एवढं काळीज कुठनं आणलंस?”

सरुबाई थांबली. खांद्यावरची बोटं घट्ट झाली.

“कसला कप?”

“अगं, तुझ्या नाकाम्होरं धरला हुता की.”

सरुबाई हसायला लागली. इतकी हसली की रस्त्यातच खाली बसली, पदरानं डोळे पुसले आणि हात वर करून झुंबरबाईचा खांदा चाचपत म्हणाली,

“झुंबरे, दोन वरीस झाली, मला अंडं दिसत न्हाय, गालाला ऊब कळती तेवढीच. कप कुठनं दिसायचा?”