पेटीचा पहारा

मी जिल्हा परिषदेत शिपाई आहे. निविदेच्या पेटीची किल्ली नऊ वर्षं माझ्याकडे, आणि नऊही वर्षं शाळेच्या बाकांचं काम गुंजाळ अण्णांकडे. अण्णांची चार माणसं सकाळपासून पेटीभोवती बसायची. दुसरं कुणी लिफाफा घेऊन आलं, की त्याला चहा पाजून परत पाठवायची. सुतारकामाचं दुकान चालवणाऱ्या भामाबाई पांचाळ तीनदा जिन्यावरूनच माघारी गेल्या.

यंदा पहिल्यांदाच निविदा ऑनलाइन भरायची होती. अण्णांनी स्वतःची भरली, वर दोन मेहुण्यांच्या नावानं आणखी दोन भरल्या. तरी सवयीनं माणसं पेटीपाशी बसवलीच.

तीन वाजता साहेबांनी सभागृहात सगळ्यांसमोर पडद्यावर निविदा उघडल्या. लेकीचा दहावीचा निकाल बघतानाही माझी छाती इतकी धडधडली नव्हती. तीनच नावं येणार म्हणून अण्णा निवांत पान चघळत होते. नावं अकरा आली. सगळ्यात कमी दर भामाबाईंचा होता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या भामाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपेना.

अण्णा ताडकन उठून व्हरांड्यात गेले. मीही मागोमाग पळालो, हे मला चुकवायचं नव्हतं.

"आज इथं कोण कोण येऊन गेलं?" अण्णांनी आपल्या माणसांना दरडावून विचारलं.

"कुणीच नाही, अण्णा," म्होरक्या छाती फुगवून म्हणाला. "पेटीवर माशीसुद्धा बसू दिली नाही."