मोकळी कड

"उभी काय राहिलीस गं? चेंडूमागं पळ की!" शर्वरीचे वडील रेषेबाहेरून पुन्हा ओरडले.

शाळेची ही पहिली फुटबॉल फायनल होती आणि आम्ही एका गोलनं मागे होतो. शर्वरी कडेला एकटी उभी होती ती माझ्याच सांगण्यावरून. मुली मैदानभर पसरल्या की समोरचा बचाव ताणला जातो, फटी पडतात.

"काका, तिला तिथंच राहू द्या!" मी संतापून ओरडले.

"पोरगी खेळायला पाठवलीय मॅडम, राखणीला नाही!" बघे हसले. शर्वरी ओशाळून चेंडूभोवतीच्या घोळक्यात धावली.

लगेच लांब पास आला, नेमका तिनं सोडलेल्या जागी. पुढे फक्त गोलकीपर होती. चेंडू रेषेबाहेर गेला आणि शेवटची शिट्टी वाजली.

वडील तणतणत माझ्यावरच धावून आले. "कसलं कोचिंग तुमचं? तिथं एक पोरगी उभी करायला काय धाड भरली होती?"