तपासणीच्या कोळंब्या

खाजणावरचे ऊन सकाळी कधीच घाईत नसते. आधी ते बांधावर बसले, मग कोळंबीच्या तळ्यावर हळूहळू पसरले आणि शेवटी काठाशी उभ्या बगळ्यांच्या पायांपाशी रेंगाळले.

मोरेश्वराने जाळ्यातल्या उड्या मारणाऱ्या कोळंब्या निवडून प्रयोगशाळेत न्यायच्या पिशवीत घातल्या. तपासणीत विषाणू निघाला, तर सगळे पीक स्वतःच्या हातांनी मारावे लागणार होते.

"अहो, पुन्हा धडधाकटच?" बायको वैतागली. "तापलेलं पोर घरी निजवून पैलवानाला डॉक्टरकडे नेताय! काठाशी लोळतायत त्या घ्या की!"

"मागच्या वेळी रिपोर्ट चांगला आला."

"येणारच! निवडून नेल्यावर दुसरं काय येणार?"

तिने काठावरची एक कोळंबी उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. कवचावर पांढरे ठिपके होते. त्याने ते नखाने खरवडून पाहिले, निघेनात.

तळ्याला रोग लागला होता, आणि ते त्याला पहिल्या तपासणीआधीच ठाऊक होते.