मधली काच

राघूचा जबडा हाताला मऊ लागत होता. हिरवागार म्हणून ओवीने या इग्वानाचं, पाळलेल्या मोठ्या सरड्याचं, नाव राघू ठेवलं होतं, आणि बंगळुरूला नोकरीला जाताना त्याला बाबांच्या हवाली केलं होतं. भालचंद्ररावांनी त्याला जिवापाड जपलं. काचेची पेटी खिडकीशी ठेवली, उबेला पिवळा दिवा लावला, दुपारभर तावदानातून ऊन येऊ दिलं. तरी तो खंगतच चाललेला.

"ऊब मिळतेय त्याला, काका," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई त्याला तपासून म्हणाल्या, "पण हाडांना उन्हातलं जे लागतं, ते काच अडवते. आपल्याला वाटतं, सगळं पोचतंय. तेच किरण देणारी यूव्हीबी ट्यूब लावा, आणि मध्ये काच नको."

संध्याकाळी भालचंद्ररावांनी पेटीच्या आत, वरच्या बाजूला ट्यूब बसवली. चांदण्यासारखा निळसर उजेड खोलीभर सांडला. राघूने फांदीवर अंग सैल सोडलं, जणू तो कुठल्याशा दूरच्या नदीकाठी पहुडला होता. बघता बघता भालचंद्ररावांचेही डोळे जडावले. त्याच काठावर फ्रॉकमधली ओवी त्यांच्या पाठीला पाठ टेकून बसली होती. पाठ चांगली उबदार लागत होती.

फोन वाजला. पडद्यावर रोजच्यासारखी हसरी ओवी होती.

"बाबा, राघू कसा आहे? आणि तू?"

रोजचं 'मजेत' त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी तिच्या गालावरून बोट फिरवलं. काच गुळगुळीत होती, गार होती.

"राघूला दिवा आणला गं," ते म्हणाले. "माझ्यासाठी तू ये."