बोल्ट ओढायला लागणारा वेळ

“थांबव रे ते!” धोंडू हवालदार ओरडले, तेव्हा टीव्हीवरच्या नायकाने सात-आठ जपानी आडवे केले होते आणि विहारात टाळ्या चालू होत्या.

काशीरामने बटण दाबलं. चित्र थरथरत थांबलं. भर दुपारची वेळ; खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केलेला, त्यामुळे आत सगळे घामाघूम झाले होते. काशीराम मुंबई मंडळाचा सेक्रेटरी. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की कार्यक्रम झालाच पाहिजे, आणि कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच. यंदा तो धोंडू हवालदारांचा होता. ब्रह्मदेशच्या लढाईतून जिवंत परतलेला गावातला एकच माणूस, म्हणून मंडळाने रत्नागिरीहून व्हिडिओ आणला होता आणि कॅसेटही मुद्दाम त्याच लढाईची. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी एवढी माणसं मरताना बघावीत का, हा प्रश्न मंडळाच्या सभेत कुणाला सुचला नव्हता.

“बंदूक चुकीची हाय,” हवालदार म्हणाले. “ही एसएलआर. ही आमच्या हातात आली चीनच्या लढाईनंतर. चव्वेचाळीस साली आमच्याकडं थ्री-नॉट-थ्री व्हती. एक गोळी सुटली की बोल्ट ओढायचा, मग दुसरी. हा बाबा नुसता चाप दाबत सुटलाय!”

“आबा, एवढं मोठं पिक्चर काढणाऱ्यांना कुठली बंदूक ते ठाऊक नसंल काय?” काशीराम हसला. “तुमचं वय झालं आता.”

लोकही हसले. हवालदारांना त्याचं काही वाटलं नसतं. पण पुढच्या रांगेत चटईवर गोदा बसली होती आणि ती हसली नव्हती. मान वळवून ती त्यांच्याकडे बघत होती.

गोदाचा नवरा बाबाजी आणि धोंडू एकाच दिवशी पलटणीत भरती झाले होते. बाबाजी परत आला नाही. तो कसा गेला ते धोंडूने येऊन तिला सांगितलं. बाबाजी ओढा ओलांडत होता आणि धोंडू मागून त्याची राखण करत होता. झाडावर लपलेल्या जपान्यावर त्याने गोळी झाडली, ती चुकली, आणि दुसरीसाठी बोल्ट ओढेपर्यंत जपान्याने बाबाजीला टिपलं. नवऱ्याची म्हणून गोदाजवळ एवढी एकच हकिकत होती. फोटोसुद्धा नव्हता.

“भावजी,” ती म्हणाली, “ह्याच्या बंदुकीतनं तर एकामागनं एक गोळ्या सुटतायत. मग तुमालाच कसा येळ लागला?”

“अगो वहिनी, ही ती बंदूक नव्हं, तेच तर सांगतोय!” हवालदारांचा आवाज चिरकला. चाळीस वर्षांत तिने त्यांच्या शब्दावर शंका घेतली नव्हती. आता कुठल्याशा नटाच्या हातातल्या बंदुकीपायी आपण खोटे ठरायचं म्हणजे काय? ते तावातावाने उठले आणि हातातली काठी त्यांनी खांद्याला लावली. “हे बघ. ही गोळी सुटली. आता...”

उजवा हात उठला. बोल्ट वर, मागे, पुढे, खाली. बोट पुन्हा चापावर.

डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं सगळं. साठीचा माणूस, जिना चढताना दोनदा थांबणारा, पण वीस वर्षांची कवायत हातात जशीच्या तशी होती. पोरं बघतच राहिली. कुणीतरी टाळी वाजवली.

“एवढाच येळ?” गोदाने विचारलं.

हवालदारांनी काठीवरची पकड सावरली.

“परत दाखवा.”

या खेपेला त्यांनी सावकाश करायचं ठरवलं. हाताने ऐकलं नाही. वर, मागे, पुढे, खाली.

काठी हळूहळू जमिनीला टेकली. बंदुकीबद्दल त्यांनी सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते खरं करून दाखवण्याच्या नादात त्यांनी स्वतःलाच पकडून दिलं होतं. पिक्चरवाल्यांना दोन शिव्या देऊन अजूनही खाली बसता आलं असतं. सत्काराची शाल टीव्हीशेजारच्या खुर्चीवर घडी करून ठेवलेली होती. पण गोदा नजर काढत नव्हती, आणि हवालदारांना आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली.

“पयली गोळी चुकली,” ते म्हणाले, “आणि मी भ्यालो, वहिनी. डोकं चिखलात खुपसलं. बोल्टला हातच लावला नाय. वर बघितलं तवा बाबाजी पाण्यात पडलेला.”

काशीरामला वाटलं, आपण सेक्रेटरी, आपणच काहीतरी बोललं पाहिजे.

“आबा, तुमी तरी तवा केवढे व्हता...”

“एकोणीस.”

“तेबी एकोणीसचेच व्हते,” गोदा म्हणाली.

गुडघ्यावर हात टेकून ती उठली. दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि तिथूनच वळली.

“चाळीस वर्सं मी त्या बंदुकीला शिव्या घातल्या, भावजी,” ती म्हणाली. “आणि तुमी माझ्याच पडवीत बसून त्या ऐकत व्हतात.”